सुई ओवायची खिडकी

आमच्या घरी भिंतीवर लावलेला आजीचा फोटो आजीसारखा दिसत नाही. ती गेली तेव्हा तिचा एकटीचा असा एकही फोटो सापडला नाही, म्हणून धाकट्या काकांच्या लग्नातल्या समूहचित्रातून तिचा चेहरा कापून काढावा लागला, आणि दहाव्याच्या आत हवा म्हणून जवळच्याच एका स्टुडिओने तो दोन दिवसांत मोठा करून चौकटीत बसवून दिला. त्या दोन दिवसांत आजी गोरी झाली. तिच्या सावळ्या गालांवरच्या सुरकुत्या गेल्या आणि दोन भुवयांच्या मध्ये, कुंकवाच्या खाली, लहानपणी गोंदवून घेतलेली निळसर-हिरवी रेघ आणि तिच्याखालचे तीन ठिपके होते, तेही पुसले गेले. दुरुस्ती करणाऱ्याला तो जुन्या फोटोवरचा डाग वाटला असावा. त्या दिवसांच्या गडबडीत कोणी काही बोलले नाही. मला मात्र त्या कोऱ्या कपाळाकडे अजूनही पाहवत नाही.

त्यानंतर मी नात्यातल्या वडीलधाऱ्या माणसांचे फोटो काढायला लागले आणि गेली बारा वर्षे काढते आहे. सुरुवातीला मी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरत असे, आणि पहिल्या काही फोटोंतच माझ्या लक्षात आले की स्टुडिओने हाताने जे केले होते तेच माझा फ्लॅश क्षणार्धात करतो आहे. त्याचा उजेड कॅमेऱ्याच्याच दिशेने जातो, कपाळावर आदळून सरळ परत येतो आणि त्या चकाकीखाली त्वचेचा रंग, गोंदण, देवीचे व्रण, सगळे बुडून जाते. खिडकीचा उजेड बाजूने येतो. तो एका गालावर उतरतो, नाकावरून पलीकडे वळतो आणि दुसऱ्या गालापर्यंत पोहोचेतो मंदावतो, म्हणून चेहऱ्याला त्याचे स्वतःचे चढ-उतार मिळतात.

सावळ्या माणसांचे फोटो चांगले येत नाहीत, असे आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून सगळीकडे सर्रास बोलले जाते. हे मला मुळीच मान्य नाही. सावळ्या चेहऱ्याचा घाट मुख्यतः त्यावरच्या झळाळीतून दिसतो, आणि झळाळी म्हणजे उजेडाच्या उगमाचेच प्रतिबिंब असते. उगम फ्लॅशएवढा लहान असेल, तर ती कपाळावर पांढऱ्या ठिपक्यासारखी टोचते; तोच खिडकीएवढा मोठा असेल, तर ती गालाच्या हाडावर पसरते आणि तेलाचा हात फिरवलेल्या सागवानासारखी मऊ दिसते. उणीव त्वचेत नसून उजेडाच्या आकारात असते. त्यात कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर भर घालते, कारण समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडीच असणार, असे धरून ते चालते आणि चौकट सावळ्या चेहऱ्याने भरली की तो चेहरा आपणहून उजळून टाकते. म्हणून अशा वेळी मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात टिपला जाणारा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) मुद्दाम खाली ओढते आणि माणसाला त्याचा रंग परत देते.

खिडकीपाशी बसवायचे म्हणजे नेमके कुठे, याचे उत्तर मला बरीच वर्षे नीट सापडले नव्हते. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, हा नियम आपण शाळेत शिकतो. खिडकी हा बिंदू नसून पसरट चौकोन असल्यामुळे अगदी जवळ तो तंतोतंत लागू पडत नाही, पण त्याचा कल तोच राहतो. माणूस खिडकीपासून दीड-दोन फुटांवर असेल, तर त्याच्या चेहऱ्यावर भरपूर उजेड असतो आणि मागच्या भिंतीपर्यंत जेमतेम थोडा पोहोचतो, त्यामुळे भिंतीवरचे कॅलेंडर, मीटरची पेटी, कपड्यांची दांडी असे सगळे आपोआप अंधारात जाते. तोच माणूस सात-आठ फूट आत सरकला, की चेहरा आणि भिंत जवळजवळ सारख्याच उजेडात येतात आणि कॅलेंडरही माणसाइतकेच महत्त्वाचे होऊन बसते. नवीन लेन्ससाठी पैसे साठवणाऱ्या कित्येकांना मी आधी पाट एक हात पुढे सरकवायला सांगितले आहे. हातभर अंतराने जो फरक पडतो, तो लेन्स बदलून पडत नाही.

पण हे सगळे हिशेब मागे पडले ते सावंतवाडीच्या एका मावशींमुळे. त्या आईच्या मैत्रीण. त्यांच्या कौलारू घरात मी या खोलीतून त्या खोलीत उजेड शोधत हिंडत होते, तेव्हा त्या माझी वाट पाहून कंटाळल्या आणि सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. बसल्या त्या पडवीकडच्या एका बुटक्या खिडकीखाली, भिंतीला पाठ टेकून, खिडकी डाव्या हाताला ठेवून. मी वळून पाहिले तर पोर्ट्रेट तयार होते. गालावर हवा तसा उजेड होता, मागची खोली काळोखात गेली होती, आणि मांडीवरच्या सुपातल्या पांढऱ्या तांदळावरून परतणारा उजेड हनुवटीखालची सावली हलकेच उचलत होता, जे काम आम्ही पांढरा कार्डपेपर धरून करतो. त्या जागी त्या चाळीसेक वर्षे बसत होत्या. खडा आणि तांदूळ यांतला फरक जिथे दिसतो, तिथेच चेहऱ्यावरची रेघही दिसते, हे माझ्या आधी त्यांच्या डोळ्यांनी शोधून ठेवले होते.

तेव्हापासून मी कोणाच्याही घरी गेले की उजेड शोधत नाही, तर विचारते. बाईमाणसाला विचारते, "सुईत दोरा ओवायचा असला तर कुठे बसता?" पुरुषांना विचारते, दाढीचा आरसा कुठे टांगता. उत्तर लगेच मिळते आणि ते आजवर चुकलेले नाही. घरातली सर्वांत मोठी खिडकी बहुतेक वेळा ती नसतेच. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचा उंबरठा, माडीच्या जिन्याची तिसरी पायरी किंवा मोरीजवळची हातभर खिडकी असते. बहुतेक सगळ्या जणी ती खिडकी डाव्या हाताला ठेवून बसतात, कारण उजव्या हाताने शिवणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते. शाळेच्या जुन्या इमारतींत मुलांच्या डाव्या हाताला खिडक्या असत त्या यासाठीच, आणि सतराव्या शतकातल्या डेल्फ्ट शहरातल्या व्हर्मीर या डच चित्रकाराच्या चित्रांत खिडकी बहुतेक वेळा डावीकडेच दिसते, त्याचेही हेच कारण सांगतात. तांदूळ निवडणाऱ्या मावशी आणि त्याच्या एका चित्रातली दूध ओतणारी बाई एकाच बाजूने उजळलेल्या आहेत, याचे मला फार समाधान वाटते.

मग त्या बसतात तिथेच त्यांना बसू द्यायचे असते, आणि इथेच घरची माणसे आड येतात. फोटो म्हटले की कोणीतरी धावत जाऊन खुर्ची आणते. जुन्या घरांतल्या खिडक्या जमिनीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेल्या असतात. त्यांचा उंबरा जमिनीपासून हात-सव्वा हातावर असतो. चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या वरून आभाळाचा उजेड उतरतो, भुवयांखाली हलकी सावली पडते, आणि चेहरा खिडकीपासून जरा वळवला की पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा तो लहानसा त्रिकोण उमटतो ज्याला रेम्ब्रांट या डच चित्रकाराचे नाव आहे. त्याच माणसाला खुर्चीवर बसवले, की खिडकी छातीपाशी येते, अंगणातून परतलेला उजेड खालून नाकपुड्यांत शिरतो आणि चेहरा ओळखू येईनासा होतो. मी खुर्ची परत पाठवते आणि स्वतःही जमिनीवर बसते.

दुसरी अडचण दिव्याची. पाहुणीने कॅमेरा काढला आणि आपण तिला अंधारात ठेवले, ही कल्पनाच आपल्याकडे कोणाला सहन होत नाही, म्हणून कोणीतरी ट्यूब लावतेच. त्यामागची माया मला कळते, पण ट्यूबचा रंग वेगळा, खिडकीचा वेगळा; एका गालावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा पडला की नंतर कितीही खटपट केली तरी चेहरा एकसंध होत नाही. दिवा मालवा, असे तिन्हीसांजेच्या जवळपास तर मी म्हणूच शकत नाही. म्हणून सकाळीच जाते.

खिडकीच्या उजेडाला तिच्यासमोर जे असेल त्याचा रंग लागतो, हे डोळ्यांना सहसा जाणवत नाही, कारण मेंदू तो रंग वजा करून टाकतो. कोकणात अंगणातल्या जांभ्या मातीवरून येणारा उजेड हनुवटीखाली तांबूस झाक आणतो. आषाढात खिडकीबाहेर केळी आणि अळू माजलेले असले, की गालावर हिरवट छटा चढते आणि माणूस आजारी दिसतो. ढग नसलेल्या दिवशी सावलीतल्या खिडकीतून नुसते निळे आभाळ आत येते, आणि पांढऱ्या केसांवर निळसरपणा उतरतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी, बदलून यातले बरेच सुधारते. जांभ्याची तांबूस झाक मात्र मी काढून टाकत नाही, ती त्या घराचीच आहे. गोव्यात मी जुन्या घरांमधल्या शिंपल्यांच्या खिडक्या पाहिल्या आहेत. काच महाग होती तेव्हा चपट्या, पातळ शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत ओवून ही तावदाने केली जात. त्यांतून बाहेरचे काही दिसत नाही, पण दुपारचे कडक ऊन त्यांच्यावर पडले तरी आत नुसता दुधाळ उजेड झिरपतो. आम्ही ज्यासाठी पांढरे पडदे बांधतो ते तिथल्या सुतारांनी कधीच करून ठेवले होते.

आता थोडे उत्तरेच्या खिडकीबद्दल, कारण तिने मला फसवले होते. चित्रकलेची आणि फोटोग्राफीची विलायती पुस्तके एकमुखाने सांगतात की उत्तरेकडची खिडकी उत्तम, तिच्यातून ऊन कधी येत नाही, दिवसभर सारखा उजेड मिळतो. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या दिवाणखान्याला उत्तरेची मोठी खिडकी आहे. एका मे महिन्याच्या अखेरीस मी मामांना तिथे सकाळी आठ वाजता बसवले आणि पाहते तर त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर उन्हाचा कवडसा पडलेला. पुस्तक फारसे चुकले नव्हते. ते लंडन-पॅरिसच्या अक्षांशावर बसून लिहिलेले होते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मेच्या मध्यात पुण्या-मुंबईला शून्य सावलीचा, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असण्याचा, दिवस येतो, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तर तो उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत डोकावतो. त्या दिवशी मामींनी कपाटातून मामांचेच जुने धोतर काढून दिले. ते दुहेरी करून खिडकीच्या गजांना बांधल्यावर त्या कवडशाचा असा काही सुरेख उजेड झाला, की आजही मामांचा तो फोटो माझ्या सर्वांत आवडत्या फोटोंपैकी आहे. कितीदातरी धुतलेले जुने सुती धोतर हा खिडकीसाठी मला माहीत असलेला सर्वोत्तम पडदा आहे. नवे कापड तितका उजेड सोडत नाही.

खिडकीचे आणि फोटोचे नाते अगदी जन्मापासूनचे आहे. १८३५ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी इंग्लंडमधल्या लॅकॉक ॲबी या आपल्या राहत्या वास्तूतल्या एका खिडकीचे चित्र रसायन लावलेल्या कागदावर उमटवले. आज शिल्लक असलेले ते सर्वांत जुने निगेटिव्ह, आकाराने टपालाच्या तिकिटाएवढे. ते ताजे असताना भिंगातून पाहिले तर खिडकीची सुमारे २०० तावदाने मोजता येत होती, अशी नोंद टॅल्बट यांनी स्वतः करून ठेवली आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढे ठिकठिकाणी व्यवसाय म्हणून स्टुडिओ निघाले, आणि त्या काळातल्या स्टुडिओंना काचेचे छप्पर आणि काचेची भिंत लागे, कारण माणसाचा चेहरा उमटवण्याइतका उजेड दुसरीकडून मिळत नसे. बसणाऱ्याला काही सेकंद निश्चल राहावे लागे, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्यांनी घरामागचे काचा बसवलेले कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला. त्यांच्या फोटोंतले चेहरे किंचित हललेले असतात, काही लोकांनी त्यासाठी त्यांना नावेही ठेवली. मला ते चेहरे श्वास घेताना दिसतात.

तो मानेमागचा टेकू आज गेला, तरी मी म्हाताऱ्या माणसांना घाई करत नाही. ढगाळ दिवशी खिडकीशी ८०० आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) आणि एफ २.८ (लेन्सचे बरेच उघडलेले तोंड) ठेवले, की सेकंदाचा एकशे-पंचविसावा भाग पुरतो. त्यामुळे वेळ लागतो तो कॅमेऱ्याला नाही, तर त्यांना मी समोर आहे हे विसरायला. चष्मा काढायला मी सांगत नाही. ज्यांना आपण आयुष्यभर चष्म्यात पाहिले, त्यांचा उघडा चेहरा परका वाटतो. काचेवर खिडकी चमकत असेल, तर चष्म्याच्या दांड्या कानांवरून बोटभर उचलायच्या, काचा किंचित खाली कलतात आणि डोळे दिसायला लागतात.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी वाईला आत्याकडे गेले होते. ती आजीची सर्वांत मोठी मुलगी, आता ऐंशीच्या पुढे. वाड्याचा पुढचा भाग भाड्याने दिलेला आहे, मागच्या दोन खोल्यांत ती राहते. मी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "अगं, आता कसली सुई? पण ओवायची म्हटली तर तिथे," आणि माजघराच्या मागच्या खिडकीकडे हात केला. भिंत दीड हात जाड, तिच्या आतल्या बाजू चुन्याने रंगवलेल्या, त्यामुळे ढगांतून आलेला उजेड त्या पांढऱ्या बाजूंवर एकदा टेकून मग आत येत होता. खिडकीला लोखंडी गज होते आणि बाहेर फणसाचे झाड, पण ते दूर असल्याने हिरवट छटा जवळजवळ नव्हती. मी चटई टाकली. ती बसली आणि खिडकी डाव्या हाताला घेण्याऐवजी उजव्या हाताला घेऊन बसली. मी काही बोलायच्या आधी तिनेच सांगितले की डाव्या डोळ्याला मोतीबिंदू पिकत आला आहे, उजव्याचे ऑपरेशन झाले तेव्हापासून तिला उजेड उजवीकडून लागतो. म्हणजे आजवरचा माझा सगळा अनुभव बाजूला ठेवून ती जशी बसली तशीच बसू देणे भाग होते, आणि ते बरे झाले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात आतल्या भिंगामुळे एक वेगळी लकाकी असते. ती खिडकीच्या बाजूला आली.

मी तिच्या हातात खरोखरच सुई-दोरा दिला. नुसते बस म्हटले की माणूस फोटोसाठी बसतो, आणि हाताला काम असले की चेहरा मोकळा होतो. पावसाची सर आली तसा उजेड स्टॉपभर उतरला, मग ढग पातळ झाले आणि तो परत चढला. दोरा तीनदा हुकला. चौथ्यांदा तिने त्याचे टोक ओठांत ओले केले, सुई उजेडापुढे धरली, भुवया एकत्र आणल्या, आणि तिच्या कपाळावर दोन सुरकुत्यांच्या मध्ये गोंदणाची रेघ उभी राहिली. तीच रेघ, तिच्याखाली तेच तीन ठिपके. मायलेकींनी एकाच गोंदणारणीकडून गोंदवून घेतले होते, हे मला तोवर माहीत नव्हते. आत्याने ते नंतर चहा घेताना सांगितले.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला फोटो दाखवला तेव्हा तिने तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. म्हणाली, "कपाळ आईचं आलंय गं." मग जरा वेळाने म्हणाली, "दोरा मात्र अजून ओवायचाच आहे." मी तो ओवून दिला.

पुण्याला परत आल्यावर फोटो संगणकावर मोठा केला, आधी गोंदण पाहिले, मग डोळे. उजव्या बुबुळात माजघराची खिडकी उमटली होती, वरच्या बाजूला कमानीचा बाक, खाली चुन्याचा पांढरा पट्टा, मध्ये गज. मी ते मोजले. खिडकीला गज नऊ आहेत, डोळ्यात सात दिसतात. कडेचे दोन, मी जिथे भिंतीला टेकून बसले होते तिथे, माझ्या डोक्याआड गेले आहेत.